प्लेनोची कुरकुर : चिप्सच्या राजधानीतील नोंदी आणि दंतकथा

टेक्सास राज्यात डॅलसच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर वसलेल्या प्लेनो शहराचे नावच एका भाषिक गैरसमजातून आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील वसाहतकऱ्यांना टपालकचेरीसाठी नाव हवे होते. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांचे नाव टपालखात्याने नाकारले, तेव्हा गावातील एका डॉक्टरांनी ‘प्लेनो’ हा शब्द सुचविला. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘माळरान’ होतो, असा त्यांचा समज होता. वस्तुतः माळरानासाठी स्पॅनिशमध्ये ‘यानो’ हा शब्द आहे. ‘प्लानो’ म्हणजे केवळ ‘सपाट’. चूक कोणी दुरुस्त केली नाही आणि नाव रूढ झाले. कागदोपत्री नोंद एकीकडे आणि लोकांनी स्वीकारलेली हकिगत दुसरीकडे, ही जोडी या शहराच्या वाट्याला पुढेही अनेकदा आली.

संगणकक्षेत्रातील नोकऱ्यांमुळे प्लेनोत आणि त्याच्या शेजारच्या फ्रिस्को, रिचर्डसन, ॲलन या गावांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. त्यांच्या रोजच्या वाटेवरील लेगसी ड्राइव्ह या रस्त्यावर एक विस्तीर्ण कार्यालयीन संकुल आहे. ‘फ्रिटो-ले’ या पेप्सिकोच्या उपकंपनीचे ते मुख्यालय होय. लेज, डोरिटोज, चीटोज आणि फ्रिटोज ही नावे येथूनच चालविली जातात. वरकरणी हा शुद्ध व्यापाराचा विषय. पण बटाटा आणि मका यांच्या या व्यवसायातून विज्ञान, तंत्रज्ञान व प्रसारमाध्यमांच्या जगाला ज्या नवलाच्या बातम्या मिळाल्या, त्यांची एकत्र नोंद घेण्याजोगी आहे.

शंभर डॉलरची पाककृती, गुरांच्या खाद्याचे यंत्र

कंपनीची मूळकथा १९३२ सालची. सॅन अँटोनियो येथे चार्ल्स एल्मर डूलिन या मिठाईविक्रेत्याच्या हाती तळलेल्या मक्याच्या चकत्यांचा एक पुडा पडला. त्या करणाऱ्या गुस्ताव्हो ओल्गीन या मेक्सिकन गृहस्थाला मायदेशी परतायचे होते. डूलिन यांनी १०० डॉलर देऊन त्यांची पाककृती, पीठ दाबून काढण्याचे हातयंत्र आणि ठरलेली गिऱ्हाइके विकत घेतली. या रकमेसाठी त्यांच्या आईने लग्नाची अंगठी गहाण ठेवली, असे त्यांच्या घरात सांगितले जाते. ‘फ्रिटोज’चा जन्म तो हाच. त्याच वर्षी नॅशव्हिल येथे हर्मन ले यांनी बटाट्याच्या चिप्सचा व्यवसाय आरंभिला. १९६१ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या आणि १९६५ मध्ये पेप्सी-कोलाशी त्यांचे विलीनीकरण होऊन पेप्सिको अस्तित्वात आली. डूलिन यांचे नाव कंपनीच्या इतिहासात ठळक आहे. ओल्गीन शंभर डॉलर घेऊन मेक्सिकोला गेले आणि इतिहासातूनही जवळजवळ गेलेच.

डूलिन यांनी १९४८ मध्ये बाजारात आणलेल्या चीटोजमागील तंत्र तर मुळात माणसांसाठी नव्हतेच. विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट येथील ‘फ्लेकॉल’ ही कंपनी १९३०च्या दशकात गुरांसाठी मका भरडण्याची यंत्रे वापरीत असे. यंत्र तुंबू नये म्हणून कामगार मधूनमधून ओलसर मका त्यात टाकीत. यंत्राच्या उष्णतेने आणि दाबाने तो मका फुगून, हलक्या वळकट्यांच्या रूपात बाहेर पडे. एडवर्ड विल्सन या कामगाराने त्या वळकट्या घरी नेल्या, तळल्या, त्यांना मीठमसाला लावला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊ घातल्या. मक्याच्या फुगीर खाद्यपदार्थांचा उगम तेथे झाला.

या प्रक्रियेचे भौतिकशास्त्र मराठी स्वयंपाकघराला अपरिचित नाही. मक्याच्या भरडीत थोडे पाणी असते. मळसूत्री दांड्याच्या रेट्याने यंत्रात प्रचंड दाब आणि तापमान निर्माण होते. परंतु दाबामुळे त्या पाण्याची वाफ होऊ शकत नाही. अरुंद छिद्रातून पीठ बाहेर येताच दाब एकदम उतरतो, पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती मऊ पिठाला फुगवून निसटून जाते. मागे उरतो तो असंख्य पोकळ्यांचा सांगाडा. गव्हाच्या चिकाची कुरडई सोऱ्यातून पाडून उन्हात वाळवली आणि कढत तेलात सोडली की ती चौपट फुलते, तेही आत अडकलेल्या अल्पशा पाण्याच्या वाफेमुळेच. फरक इतकाच की कुरडईला मध्ये चैत्र-वैशाखातील गच्चीवरचे ऊन लागते आणि चीटोजला ते लागत नाही. सोरा, वाळवण आणि कढई या तिघांचे काम यंत्र काही सेकंदांत उरकते.

आवाजाचे माप

चिप्सची प्रत ठरविताना जिभेपेक्षा कानाचे मत अनेकदा निर्णायक ठरते. अमेरिकी पत्रकार मायकेल मॉस यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, फ्रिटो-लेच्या डॅलसनजीकच्या संशोधनसंकुलात एके काळी सुमारे ५०० रसायनशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ काम करीत आणि त्यावर वर्षाला ३ कोटी डॉलरपर्यंत खर्च होई. त्यांच्याकडे माणसाच्या चर्वणाची नक्कल करणारे एक यंत्र होते. किंमत सुमारे ४०,००० डॉलर. चिप किती जोराने दाबल्यास मोडावी, हे त्या कृत्रिम जबड्याने ठरवायचे. दर चौरस इंचास सुमारे ४ पौंड दाबाला तुटणारी चिप लोकांना सर्वाधिक आवडते, असा निष्कर्ष निघाला.

कुरकुरीतपणा कानात असतो, याचा पुरावा ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी मासिमिलियानो झांपिनी यांनी दिला. स्वयंसेवकांना चिप्स चावायला लावून, चावण्याचा आवाज त्यांनाच श्रवणयंत्रातून ऐकविण्यात आला. त्यातील उच्च कंप्रतेचा भाग वाढविला की तीच चिप अधिक ताजी व खुसखुशीत वाटे. या प्रयोगाला २००८ मध्ये ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले. (प्रयोगातील चिप्स प्लेनोच्या नव्हत्या, त्या प्रतिस्पर्ध्याच्या होत्या.)

आवाजाने प्लेनोला एकदा दगाही दिला. कंपनीने २०१० मध्ये सनचिप्ससाठी पूर्णपणे कुजून जाणारी, वनस्पतिजन्य पॉलिलॅक्टिक आम्लाची पिशवी आणली. हे बहुवारिक सुमारे ६० अंश सेल्सियसखाली काचेसारखे ताठर असते. साहजिकच नेहमीच्या तापमानाला पिशवी हाताळताच ती कडकडाट करी. अमेरिकी हवाई दलातील एका वैमानिकाने आवाज मोजून ९५ डेसिबल इतकी नोंद झाल्याचे चित्रफितीत दाखविले. पिशवीच्या गोंगाटात समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, अशा आशयाच्या नावाचा एक थट्टेखोर गट फेसबुकवर निघाला आणि त्याला हजारो सभासद मिळाले. विक्री घसरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेत बहुतेक चवींसाठी जुनी पिशवी परत आली. पुढच्या वर्षी थरांमध्ये रबरासारखा चिकटपदार्थ वापरून शांत पिशवी तयार झाली, पण ती बातमी मात्र फारशी कोणी वाचली नाही. आत कुरकुर हवी, बाहेर नको, हा ग्राहकाचा न्याय तसा अजबच.

पारदर्शक उंदीर

सप्टेंबर २०२४ मध्ये डोरिटोजचे नाव अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे ‘सायन्स’ या अग्रगण्य नियतकालिकातील शोधनिबंधाच्या बातम्यांत झळकले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गुओसोंग होंग आणि मार्क ब्रोंगर्स्मा यांच्या चमूने टार्ट्राझीन या पिवळ्या खाद्यरंगाचे संपृक्त द्रावण जिवंत उंदराच्या कातडीवर चोळले, आणि काही मिनिटांत कातडी पारदर्शक होऊन आतील अवयव दिसू लागले. निबंधाचे प्रथम लेखक झिहाओ ओउ तोवर प्लेनोच्या शेजारच्या रिचर्डसनमधील डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात रुजू झाले होते. हाच रंग डोरिटोजसारख्या पदार्थांत वापरला जातो, एवढ्या धाग्यावर जगभर ‘डोरिटोजच्या रंगाने उंदीर पारदर्शक’ असे मथळे निघाले.

तत्त्व साधे आहे. भज्यांखालच्या वर्तमानपत्रावर तेलाचा डाग पडला की तेवढा कागद पारभासक होतो. कागदाचे तंतू आणि त्यांमधील हवा यांचे प्रकाश वाकविण्याचे प्रमाण, म्हणजे अपवर्तनांक, भिन्न असतात. म्हणून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. हवेची जागा तेलाने घेतली की तफावत कमी होते. कातडीत हीच तफावत पाणी आणि मेद-प्रथिने यांच्यात असते. टार्ट्राझीन निळा प्रकाश तीव्रतेने शोषते. या शोषणाचाच परिणाम म्हणून द्रावणातील पाण्याचा लाल प्रकाशासाठीचा अपवर्तनांक वाढतो आणि मेदाच्या जवळ जातो. गडद रंगाने वस्तू अपारदर्शक होईल अशी आपली अपेक्षा. येथे घडते ते नेमके उलटे. रंग धुऊन काढला की कातडी पूर्ववत होते. माणसावर हा प्रयोग झालेला नाही, आणि मानवी त्वचा उंदराच्या त्वचेहून कितीतरी जाड असते. चिप्स खाऊन कोणी पारदर्शक होत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. पण मथळे वाचून अनेकांनी ती शंका विचारली.

हाच रंग आता राजकारणाच्याही केंद्रस्थानी आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी आरोग्यखात्याने खनिज तेलजन्य खाद्यरंग बाद करण्याची मोहीम जाहीर केली, तर जूनमध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी काही विशिष्ट घटक असलेल्या खाद्यपदार्थांवर इशारा छापण्याच्या कायद्यावर सही केली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने चीटोज आणि डोरिटोजच्या रंगविरहित, फिकट आवृत्त्या बाजारात आणल्या.

तिखट कोणाचे?

या साऱ्या बातम्यांमध्ये सर्वाधिक काळ गाजलेली आणि अद्याप न मिटलेली गोष्ट ‘फ्लेमिन हॉट’ या लालभडक, तिखट चीटोजच्या जन्माची आहे.

लोकप्रिय हकिगत अशी : रिचर्ड मोंटान्येझ हे मेक्सिकन वंशाचे गृहस्थ १९७६ पासून कॅलिफोर्नियातील रँचो कुकामोंगा येथील फ्रिटो-लेच्या कारखान्यात सफाई कामगार होते. एकदा यंत्र बिघडून चीजची भुकटी न लागलेले चीटोज बाहेर पडले. ते त्यांनी घरी नेले आणि मेक्सिकन पद्धतीच्या मसालेदार मक्याच्या कणसावरून कल्पना घेऊन त्यांना तिखट लावले. मग थेट मुख्याधिकारी रॉजर एन्रिको यांना फोन केला. दोन आठवड्यांत सादरीकरण करायचे होते. आयुष्यातला पहिला टाय त्यांनी तीन डॉलरला विकत घेतला. पुढे ते विपणन विभागातील वरिष्ठ अधिकारी झाले. व्याख्याने, आत्मकथन आणि इव्हा लोंगोरिया यांनी दिग्दर्शित केलेला, जून २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट, एवढा या हकिगतीचा प्रवास. चित्रपटाचा एक खेळ थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर झाला.

चित्रपट येण्याआधीच, मे २०२१ मध्ये, ‘लॉस एंजलिस टाइम्स’चे पत्रकार सॅम डीन यांनी दीर्घ शोधवृत्तांत प्रसिद्ध केला. जुनी वृत्तपत्रे, व्यापारी नियतकालिके आणि कंपनीचे माजी कर्मचारी यांच्या आधारे त्यांनी दाखविले, की ‘फ्लेमिन हॉट’ची निर्मिती १९८९ पासून प्लेनोच्या मुख्यालयातील व्यावसायिक चमूने केली. मिडवेस्टमधील शहरांच्या कोपऱ्यावरच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या तिखट पदार्थांशी स्पर्धा करणे, हा त्यामागचा हेतू होता. व्यवस्थापनाची पदवी घेऊन नुकत्याच नोकरीला लागलेल्या लिन ग्रीनफेल्ड यांच्याकडे हे उत्पादन सोपविले गेले आणि नावही त्यांनीच दिले. १९९०च्या उन्हाळ्यात शिकागो, डेट्रॉइट आणि ह्यूस्टन येथे चाचणीविक्री झाली. एन्रिको फ्रिटो-लेमध्ये आले ते १९९१च्या आरंभी. ज्यांना फोन केला, ते अधिकारीच तोवर तेथे नव्हते.

कंपनीच्या दस्तऐवजांत मोंटान्येझ यांच्या चाचणीतील सहभागाची कोणतीही नोंद नाही, असे फ्रिटो-लेने त्या वेळी वृत्तपत्राला सांगितले. ग्रीनफेल्ड यांनी २०१८ मध्ये स्वतःहून कंपनीशी संपर्क साधल्यानंतर अंतर्गत चौकशी झाली होती आणि तिचा निष्कर्ष हा होता. वृत्तांतानंतर गदारोळ उठला तेव्हा मात्र कंपनीने सूर मवाळ केला. यशाचे श्रेय अनेकांना आहे आणि त्यांत मोंटान्येझही आहेत, असा खुलासा केला. मोंटान्येझ आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. जुलै २०२४ मध्ये त्यांनी बदनामी आणि भेदभावाचा आरोप करीत कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियात दावा दाखल केला.

वाद वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. मोंटान्येझ यांची कारकीर्द काल्पनिक नाही. सफाई कामगार ते अधिकारी हा प्रवास खरा आहे. १९९४ मध्ये लॉस एंजलिसच्या लॅटिनो ग्राहकांसाठी निघालेल्या ‘साब्रोसितास’ या मालिकेत त्यांचा सहभाग होता. तीत तिखट पॉपकॉर्न आणि लिंबू-मिरचीच्या फ्रिटोजचा समावेश होता. म्हणजे आपल्या समाजाची चव कंपनीपर्यंत पोहोचविणारा माणूस म्हणून त्यांचे स्थान कागदपत्रांतूनही सिद्ध होते. वाद केवळ एका विशिष्ट पाकिटाचा आहे. पण चित्रपट निघतो तो पाकिटावर. ‘साब्रोसितास’वर निघत नाही.

दुसऱ्या बाजूला ग्रीनफेल्ड. ज्यांचे नाव तीन दशके कोणालाच ठाऊक नव्हते, त्यांनी दावा केला तेव्हा त्या एका गरीब कामगाराचे श्रेय हिरावून घेणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधी ठरल्या. वास्तविक त्याही नोकरदारच होत्या. कंपनीत घडलेली वस्तू कंपनीची, हा नोकरीचा अलिखित आणि बहुधा लिखितही करार असतो. यंत्राचे एकस्व घेतले तर निदान संशोधकांची नावे कागदावर येतात. मसाल्याचे मिश्रण मात्र सहसा व्यापारगुपित म्हणून तिजोरीत राहते आणि त्याच्या कर्त्याची नोंद जाहीर होण्याचे कारणच उरत नाही. प्लेनो, न्यू जर्सी किंवा सिलिकॉन व्हॅलीतील ज्या मराठी अभियंत्याने मोठ्या प्रणालीचा एखादा कळीचा भाग लिहिला आणि नोकरी बदलताच त्याचे नाव त्या प्रणालीतून पुसले गेले, त्याला या वादाची दुसरी बाजू समजावून सांगावी लागणार नाही. स्थलांतरिताला मोंटान्येझ यांची गोष्ट आवडते, कारण तिच्यात तो स्वतःला पाहतो. ग्रीनफेल्ड यांच्या गोष्टीतही तो असतो. फक्त ती पाहावीशी वाटत नाही.

जळणारे कुरकुरे

अशीच एक हकिगत भारतातही कंपनीच्या मागे लागली, आणि या खेपेस ती कंपनीच्या गौरवाची नव्हती. १९९९ मध्ये पेप्सिकोच्या भारतीय शाखेने कुरकुरे बाजारात आणले. तांदूळ, मका आणि हरभऱ्याचे पीठ चीटोजच्याच जातीच्या यंत्रातून काढून तळायचे आणि वर देशी मसाला, अशी त्याची घडण. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे कंपनीचा कारखाना आहे. काही वर्षांतच अफवा पसरली : कुरकुऱ्यात प्लास्टिक असते, काडी लावून पाहा, जळते! आधी तोंडोतोंडी, मग ईमेलमधून, नंतर व्हॉट्सॲपवर, आणि पुण्या-मुंबईकडील नातेवाइकांच्या गटांतून थेट प्लेनोच्या स्वयंपाकघरात. २०१८ मध्ये कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. समाजमाध्यमांवरील असे हजारो दुवे हटविण्याचा आदेश न्यायालयाने दिला. त्यांत उघड विनोदी मजकूरही सापडला, तेव्हा अफवा थांबविण्यासाठी थट्टेवरही बंदी हवी काय, असा वाजवी प्रश्न विचारला गेला. बंदीमुळे अफवा अधिक खरी वाटू लागली, हेही तितकेच साहजिक.

चित्रफितीतील ज्वाळा मात्र खऱ्या असतात. निष्कर्ष तेवढा खोटा. पिष्टमय पदार्थ म्हणजे शर्करारेणूंची साखळी आणि तीही इंधनच. यंत्रातून फुगलेल्या पिठात असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. तळताना त्यांत तेल भरते. अशा पदार्थांत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश तेल असते. तेल धरून ठेवणारा कोरडा, सच्छिद्र तुकडा म्हणजे आरतीचा काकडाच. तो पेटतो, तडतडतो, तेलाचे थेंब गळतात आणि बघणाऱ्याला ते वितळलेले प्लास्टिक वाटते. पॉलिथिलीन जळताना वितळून ओघळते आणि विझवल्यावर मेणबत्तीसारखा वास येतो. पिष्ट मात्र वितळत नाही, कोळसा होऊन जागेवर राहते आणि त्याला करपलेल्या भाकरीचा वास येतो. घरच्या तळलेल्या कुरडईचा एक तुकडा चिमट्यात धरून, सिंकवर, खिडकी उघडी ठेवून पेटविला, तर तीही अगदी तशीच जळते. फक्त धुराची घंटा आधी बंद करायला हवी. अमेरिकी घरांत ती आजीच्या फोडणीलाही वाजते.